आपणहून गळलेलं पान

"ओ भाऊ! हात काढा आधी!"

पाण्याचा पाइप तसाच टाकून मी धावले. जीपमधून उतरलेला एक उंच मुलगा माझ्या बॉटल पामचं खालचं, जेमतेम पिवळं पडलेलं पान धरून ओढत होता.

"जुनं हाय… काढलं का झाड साफ दिसते," तो म्हणाला.

"वेळ झाली का ते आपण गळते. ओढलं का खोड जखमी होते. डाग जलमभर राह्यते."

त्यानं हात मागे घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं… "बरं. पण मले भाऊ नका म्हणू."

ही २००३ सालची गोष्ट. भद्रावतीच्या तलावाकाठी आमची लहानशी नर्सरी होती. माझे बाबा त्याच तलावात मासे धरायचे आणि येताना माझ्या झाडांसाठी गाळ आणायचे. त्या गाळात बियांपासून वाढवलेले माझे बारा पाम आठ वर्षांत दोन पुरुष उंच झाले होते. असे पाम अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्यात नाहीत, असं मी मान ताठ करून सांगायची. आजही सांगते.

त्याचं नाव मिथुन. माजरीकडच्या कोळसा खाणीच्या एका नव्या वसाहतीत तो बागेचं काम बघायचा, आणि तिथल्या फाटकासाठी त्याला बाराही पाम हवे होते.

"देईन. पण पान ओढायचं नाई, आन् खोडाले चुना-गेरू लावायचा नाई."

"साहेब लोक येनार हायत उद्घाटनाले! तिथं तर दगडालेही गेरू लावतेत."

"मंग दगडंच लावा फाटकावर."

तो खळखळून हसला. मी नाही हसले. म्हणजे… तो वळल्यावर हसले.

मग मी त्याला खोडावर बोट ठेवून दाखवलं. गळलेलं प्रत्येक पान आपल्यामागे एक वळं ठेवून जातं. वळ्यांच्या वर हिरवी, गुळगुळीत मान, आणि तिच्यातून निघणारी पानं.

"हे वळं मी बारावी पास झाली तवाचं. चुना फासला का हे सारं झाकून जाते."

"मले शिकवसान का हे वाचाले?" त्यानं हळूच विचारलं. त्याचं बोट माझ्या बोटाच्या अगदी खाली थांबलं होतं…

पाम गेले, पण तो दर गुरुवारी येत राहिला. "तिसऱ्या पामाले नवं वळं आलं. कोळशाची धूळ बसते, मी ओल्या पोत्यानं पुसतो." मी मोठ्या मास्तरणीसारखी ऐकायची, आणि बुधवारपासूनच वेणी नीट घालायची.

उद्घाटनाच्या आधीच्या गुरुवारी मात्र तो आला नाही. बाजारात कळलं, अख्ख्या वसाहतीला चुना-गेरू चाललाय. माझे पाम रंगवले असतील तर याच्याशी जन्मात बोलायचं नाही, असं मी ठरवलं. ठरवताना डोळे भरून आले, आणि तेव्हा मला कळलं की मी मिथुनच्या प्रेमात पडले आहे.

उद्घाटनाच्या दिवशी मी एसटीनं गेले. निंब रंगवलेले, गुलमोहर रंगवलेले, दगड, कुंपण, सगळं लाल-पांढरं. आणि फाटकावर माझे बारा पाम! धुऊन काढलेले, हिरव्या माना वर केलेले, एकूण एक वळं उघडं.

मिथुन पुढे आला. "साहेब लय चिडले. म्हनाले, हे बाराच काऊन सोडले? मी म्हटलं, ज्या पोरीनं वाढवले तिले चालत नाई. चार दिवस इथून हललो नाई मी… कोनी रंगवून टाकन म्हनून."

त्यानं खोडामागून एक वाळलेलं, लांबच लांब पान काढलं. देठ पूर्ण, कुठेही फाटलेला नाही.

"सकाळी गळलं, आपणहून. तीन हप्ते वाट पाह्यली, हात नाई लावला." त्यानं पान माझ्यापुढे धरलं. "तुयीही तशीच वाट पाहीन मी, रोशनी. घाई नाई…"

पान मी दोन्ही हातांनी घेतलं. सगळ्या वसाहतीसमोर, मान ताठ ठेवून.

"पान आपण गळते, मिथुन. पण माह्या बाबाले विचाराले तुलेच यावं लागन. गुरुवारी ये!"