वाकणाच्या तळ्यातल्या पाणपिसवा

मार्गशीर्षातल्या एका कोवळ्या सकाळी शकू वालाच्या शेंगा तोडायला शेतावर निघाली होती, आणि वाटेत तिला तळ्यात उभा असलेला एक माणूस दिसला. कमरेपर्यंत पाण्यात. अंगात सदरा, डोळ्यांना चष्मा, आणि हातात बांबूच्या काठीला बांधलेलं रेशमी कापडाचं जाळं. जाळं कसलं, तान्ह्या बाळाचं टोपडंच ते! ते टोपडं तो इतक्या जपून पाण्यातून ओढत होता, की शकूला हसू आवरेना.

तुडील गावाच्या खालच्या अंगाला सावित्री नदीने कधीकाळी आपली वाट बदलली आणि जुनं वळण तिथेच टाकून दिलं. तेच हे वाकणाचं तळं. पावसाळ्यात पुराचं पाणी आलं की काठोकाठ भरायचं, आणि वैशाखापर्यंत आटून त्याचा नुसता चिखल व्हायचा. काठची जमीन शकूच्या वडिलांची, कुशाबांची. त्यामुळे तळंही आपलंच, अशी शकूची ठाम समजूत होती.

"मासळी मारायची तर आमच्या आबांना विचारावं लागतं," ती काठावरून म्हणाली.

तो दचकला. चष्मा पाण्यात पडता पडता वाचला. "मी... मासळी नाही मारत."

"मग आंघोळ करताय? सदरा घालून?"

"तुम्ही—" तो अडखळला. "तुम्ही जरा ही बाटली धरता का?"

शकू अठरा वर्षांची होती आणि तिला आजवर कोणी 'तुम्ही' म्हटलेलं नव्हतं. त्या एका शब्दापायी टोपली खाली ठेवून ती पाण्याच्या कडेला गेली. त्याने टोपडं उलटं करून बाटलीत धुतलं आणि बाटली उन्हासमोर धरली. आधी दिसलं साधं पाणी... मग त्यात धुळीचे कण... मग ते कण टुणटुण उड्या मारायला लागले.

"पिसवा," शकू म्हणाली.

"पाणपिसवा," तो म्हणाला, आणि तिने त्याच्या घरच्या माणसांची नावं घेऊन चौकशी करावी तसा खूश होऊन हसला.

हा मुरारी मोरे. पोलादपूरच्या वरच्या डोंगरवाडीतला. बाप मुंबईला गिरणीत, आणि त्याने पोटाला चिमटा काढून पोराला कॉलेजात घातलेलं. आता एम. एस्सी.साठी प्रोफेसरसाहेबांनी काम दिलं होतं ते असं, की एखाद्या पुराच्या तळ्यातले डोळ्यांना धड न दिसणारे जीव ओळखायचे आणि त्यांची यादी करायची. तुडीलला त्याची आत्या राहायची, साळूबाई, शकूची अगदी शेजारीण. म्हणून तो सूक्ष्मदर्शक यंत्र आणि बाटल्या घेऊन तिच्या पडवीत येऊन बसला होता. शिकून शिकून पोरगा पिसवा धरायला लागला, असं गावाचं मत पडलं. साळूबाईने तर आपल्या पाण्याच्या हंड्याला हात लावायची त्याला बंदीच केली.

शकूला मात्र त्या दिवसापासून साळूबाईच्या घरी फार कामं निघू लागली. कधी विरजण हवं असे, कधी सुई. एकदा तर ती विरजण मागायला आली आणि भांडंच घरी विसरली. साळूबाई काही आंधळी नव्हती. ती एवढंच म्हणाली, "बस गो जरा. तो बघ तुला काय दाखवायचं म्हनतोय."

यंत्राच्या नळीला शकूने डोळा लावला.

"डावा डोळा मीट," मुरारी म्हणाला. 'तुम्ही' मागे पडून आठ दिवस झाले होते.

"मिटला."

"हा उजवा आहे."

"हा डावाच हाय. तुम्ही समोरून बघताय."

मुरारीने कान लाल होईपर्यंत विचार केला आणि माघार घेतली. शकूला आधी स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग एकदम उजेड झाला, आणि त्या उजेडात काचेच्या अंगाचा एक जीव वळवळला. एकच काळाभोर डोळा, पाठीच्या पोकळीत चार पिल्लं, आणि मानेखाली थडथड उडणारं काहीतरी.

"हे... काळीज?"

"हो. यांना काही लपवता येत नाही."

"माणसांचं असं असतं तर..." शकूने वाक्य तिथेच सोडलं. मुरारी उगाचच यंत्राचा स्क्रू फिरवत राहिला, आणि त्यापायी पिसू दिसेनाशी झाली.

ह्या सगळ्या बायकाच आहेत, असं त्याने तिला सांगितलं. लेकींना नवऱ्यावाचूनच लेकी होतात, त्या लेकींना पुन्हा लेकी. थंडी पडली की काही नर जन्माला येतात, असं विलायती पुस्तकात लिहिलं होतं. म्हणून त्याने पौष आणि माघ दोन्ही महिने तळं गाळून काढलं, पण एकही नर सापडला नाही. बहुधा आपल्याकडे नसतीलच, असं त्याने वहीत लिहून टाकलं.

"नसेल गरज," शकू म्हणाली. "कारभार बरा चाललाय त्यांचा."

फाल्गुन लागला आणि तळं निम्म्यावर आलं. एके दिवशी मुरारी अनवाणीच धावत शकूच्या मागच्या परसात आला. त्याला एक नवाच जीव सापडला होता. पाणपिसूहून लहान, सडपातळ, आणि तोंडापुढे दोन लांबलचक वाकडी शिंगं. त्याच्या कुठल्याच पुस्तकात असं चित्र नव्हतं. जगात कोणी पाहिली नाही अशी पिसू, वाकणाच्या तळ्यात! तिचं शास्त्रातलं नाव त्यालाच ठेवायचं होतं.

"काय ठेवणार?" शकूने विचारलं.

"लॅटिन असतं. पण... त्यात शकुंतला हे नाव बसतं. मी बसवून पाहिलंय."

शकूला त्या दिवशी जेवण गेलं नाही. मुरारी आपल्याला आवडतो, हे तिने परसातल्या शेवग्याखाली उभं राहून स्वतःशी कबूल केलं, आणि मग तिला फार हलकं वाटलं.

साळूबाईने वेळ दवडला नाही. तिने कुशाबांकडे शब्द टाकला. कुशाबा सरळ माणूस, पण लेकीचा बाप. डोंगरातलं घर, खाचराचे दोन तुकडे, आणि पोरगा पिसवा मोजतो. त्याला पोरगी कशी द्यायची, असं त्यांनी विचारलं. नोकरीचा कागद दाखवा, मग बोलू. नाहीतर बिरवाडीचं स्थळ पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी बघायला येणारच होतं. मुरारीने प्रोफेसरसाहेबांना पत्र घातलं आणि उत्तर आलं, की खरोखर नवा जीव असेल तर कॉलेजातली डेमॉन्स्ट्रेटरची जागा तुझीच, कागद तेवढे पाडव्याच्या आत धाड. म्हणजे सगळं त्या दोन शिंगांवर येऊन ठेपलं.

शिमग्याला कोकणातला माणूस घरी गेला नाही असं होत नाही. मुरारीही पंधरा दिवसांसाठी वाडीवर गेला. जाताना त्याने दोन बाटल्या आणि एक भिंग शकूच्या हवाली केलं. एका बाटलीत जुन्या पाणपिसवा, दुसरीत शिंगवाले. रोज थोडं तळ्याचं पाणी घालायचं, आणि काही झालं तरी सरमिसळ करायची नाही, असं त्याने दोनदा बजावलं.

सरमिसळ शकूने तिसऱ्याच दिवशी केली. शिंगवाले भराभर मरत होते. ना त्यांना पिल्लं होत होती, ना काही. मुरारी परत येईपर्यंत एकही उरला नाही तर? तिने एका पेल्यात थोड्या पाणपिसवा घेतल्या, त्यांच्यात सहा शिंगवाले सोडले, आणि भिंग लावून बघत बसली.

एक शिंगवाला एका पाणपिसवेच्या मागे लागला. ती पळाली. हा पुन्हा मागे. शेवटी त्याने आपली दोन्ही शिंगं पुढे करून तिला धरलं, आणि दोघं तशीच एकत्र पेल्यात फिरू लागली. शकू लाजली, मग हसली, आणि मग तिचं हसू मावळलं.

चार दिवसांनी त्या पेल्यातल्या पाणपिसवांच्या पाठीवर काळपट खोगीर दिसायला लागलं, आणि खोगिरात अंडी. दुसऱ्या बाटलीतल्या, एकट्या राहिलेल्या पिसवांच्या पाठीवर काहीच नाही. तिने दुसरा पेला मांडला, पुन्हा तेच. पेल्याच्या तळाशी पडलेलं एक खोगीर तिने नखावर घेतलं. ते बाजरीच्या कोंड्याइतकं हलकं आणि चांगलं चिवट होतं. उन्हाळाभर चिखलात पडून राहायला असंच अंडं हवं, हे शेतकऱ्याच्या पोरीला कोणी सांगायला नको होतं.

नवा जीव नव्हताच तो. मुरारीने दोन महिने शोधलेले नर ते हेच. विलायतेत थंडीने तळ्याला मरण येतं, म्हणून तिथे नर थंडीत येतात; आपल्याकडे तळं मरतं ते उन्हात. पुस्तकावर भरवसा ठेवून मुरारीने ज्या महिन्यांत शोधलं, त्या महिन्यांत तळ्याला कशाची फिकीरच नव्हती.

पुढचे चार दिवस शकूचे फार वाईट गेले. गप्प बसलं तर कागद जाणार, जागा मिळणार, आबा हो म्हणणार. दोन शिंगांचा एक जीव तिचं नाव लावून पुस्तकात बसणार. बोललं तर ह्यातलं काहीच होणार नाही, आणि पाडवा झाला की बिरवाडीकरांपुढे पोह्यांची बशी घेऊन जावं लागेल. आई, बनुबाई, दोनदा म्हणाली की पोरीला दृष्ट लागली. शकूने मीठ-मोहऱ्या ओवाळून घेतल्या. त्याने काही फरक पडला नाही.

मुरारी आला तेव्हा कानामागे अजून गुलाल होता. तो काही बोलायच्या आत शकूने भिंग पुढे केलं. "आधी हे बघा."

त्याने पेला बघितला. मग एक थेंब यंत्राखाली धरला. फार वेळ तो मान वर करीना. वर केली तेव्हा चेहरा उतरला होता.

"कधी कळलं तुला?"

"चार दिवस झाले."

"कोणाला बोललीस?"

"नाही. आधी तुम्हाला."

मुरारीने कागद गोळा केले, पिशवीत घातले, टोपी डोक्यावर ठेवली आणि महाडच्या वाटेला लागला. मागे वळून त्याने एकदाही बघितलं नाही. कागद आहेत तसेच धाडायला गेला की फाडायला, हे शकूला कळेना. साळूबाईच्या पडवीत बसून ती रडली, आणि साळूबाईने पाठीवरून हात फिरवत तिला रडू दिलं.

एक दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी पाडवा. शकूने गुढीला हार घातला तो कोणा परक्याच्या लग्नात घालावा तसा. दुपारी कुशाबा पडवीत पान जुळवत बसले होते, तेवढ्यात धुळीने माखलेला मुरारी अंगणात येऊन उभा राहिला. शकू दाराआड होती. तिला त्याचा प्रत्येक शब्द ऐकू आला, कारण आज तो मुंबईचं बोलत नव्हता, वाडीवरचं, मोठ्या आवाजात बोलत होता.

"कुशाबाकाका, नोकरी नाय मिळायची. मी ज्याला नवा जीव म्हनत होतो तो नवा नाय. माझी चूक शकूने पकडली. महाडला एका मित्राकडं बसून सगळं लिखाण परत केलं आनि आज सकाळी टपालात टाकलं. चूक कोनी पकडली त्येपन लिवलंय."

"मग आता इथं कशाला आलास?"

"तरीबी मागायला आलोय."

कुशाबांनी पान खाली ठेवलं. त्यांनी शकूला बाहेर बोलावलं. "तू बोललीस तर याची नोकरी जाईल, ह्ये तुला ठावं होतं?"

"हो, आबा."

"आनि तरी सांगितलंस?"

"कधीतरी कोणी परक्याने सांगितलंच असतं. चार लोकांत. त्यापेक्षा मी सांगितलं."

कुशाबांची नजर मुरारीच्या धुळीच्या पायांवर गेली. आजवर त्यांच्या दारात स्थळं आली ती मळे, बैल आणि नोकऱ्या सांगत आली. आपली चूक सांगत आलेला हा पहिलाच. पोटापुरतं मिळवशील ना, एवढंच त्यांनी विचारलं. कुठल्याही शाळेत मास्तर होईन, नाहीतर नांगर धरीन, मुरारी म्हणाला. कुशाबांनी त्याला पुढच्या पाडव्यापर्यंतची मुदत दिली. तोवर पोरगी दुसरीकडे दाखवणार नाही, असं सांगून ते स्वतःच बिरवाडीला सांगावा धाडायला उठले, आणि जाता जाता बायकोला म्हणाले, "ह्याचं पान वाढ गो. लांबून चालत आलाय."

पडवीत दोघंच उरली.

"रागावला होतात?" शकूने विचारलं.

"लाजलो होतो." तो खांबाला टेकला. "आधी पिसवांचं निमित्त होतं, मग नोकरीचं. दोन्ही गेली. वाटलं, आता ह्या घरात काय सांगून पाय टाकायचा..."

"मग आलात कसे?"

"न राहवून आलो."

शकूला डोळे पुसायचे होते, पण त्याच्यादेखत नको म्हणून तिने ते तसेच राहू दिले.

"वर्षभर थांबशील ना?" मुरारी म्हणाला.

"साळूआत्याने आबांना विचारलं," शकू म्हणाली. "बिरवाडीकरांनी आबांना विचारलं. तुम्हीपण आत्ता आबांनाच विचारलंत. मला कोणी विचारलंय अजून?"

मुरारी खांबापासून सरळ झाला. त्याने टोपी काढली, ती कुठे ठेवावी ते न सुचून पुन्हा हातातच धरली, आणि एक पाऊल पुढे आला.

"शकू... मला तू लई आवडतेस. पहिल्या दिवसापासून. माझ्याशी लगीन करशील?"

उत्तर तिच्याकडे केव्हाचं तयार होतं. पण तीन दिवस रडवलं होतं त्याने. तेवढी भरपाई म्हणून तिने अंगणातल्या गुढीकडे बघितलं, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं... आणि मग त्याच्या चष्म्याच्या आत सरळ बघून म्हणाली, "करीन."

आतून बनुबाईंनी पान वाढल्याची हाक दिली. थोड्या वेळाने पुन्हा दिली. तिसऱ्यांदा त्या स्वतःच दाराशी आल्या, दोघांकडे बघितलं, आणि पुरणपोळ्या झाकून ठेवायला आत गेल्या.