फौजदार जिच्यावर भुंकला नाही

ही गोष्ट खरी आहे. कोणाला थापा वाटत असतील, तर त्याने माझ्या मावसबहिणीच्या डाव्या हातावरचे टाके येऊन मोजावेत.

चौदा आहेत.

आणि भुतं मध्यरात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांना आधीच सांगून ठेवतो. हे घडलं गेल्या महिन्यातल्या एका रविवारी, दुपारी चार वाजता. खिडकीतून लख्ख ऊन आत येत होतं. घर बस डेपोमागच्या गल्लीतलं, तिसऱ्या मजल्यावरचं, दोन खोल्यांचं.

ताई, म्हणजे ही मावसबहीण, एका लॅबमध्ये कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर माप पाठवतात, ही त्यात प्लास्टर ओतून एकेक दात बसवते. आम्ही सगळे तिला दातवालीच म्हणतो. भावजींना जाऊन सहा वर्षं झाली. मूलबाळ नाही. घरात दुसरा जीव म्हणजे कुत्रा... फौजदार.

नाव उगाच पडलेलं नाही. दूधवाला येवो, पोस्टमन येवो, हा आधी चौकशी करणार. मी इतकी वर्षं जातोय, अजून माझ्यावर भुंकतो. पण ताईचा त्याच्यावर भारी जीव. "हा आहे म्हणून संध्याकाळी घरी यावंसं वाटतं," असं ती म्हणायची आणि आम्ही विषय बदलायचो.

मावशीचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. ताईला तीन दिवस परगावी जावं लागणार होतं. कुत्रा सांभाळायला माणूस हवा, अशी चिठ्ठी तिने जनावरांच्या दवाखान्यात लावली.

"माणूस नीट पारखून घे गं," मी म्हटलं.

"मी कशाला पारखू? फौजदार पारखेल. कुत्र्याला माणूस बरोबर कळतो."

इथेच सगळं चुकलं.

बुधवारी संध्याकाळी तिघं आली. पहिली कॉलेजातली मुलगी. फौजदारने तिला बसूच दिलं नाही. दुसरे रिटायर झालेले कॅशियर. त्यांच्या पँटची कड त्याने अशी धरली, की बिचारे जीव मुठीत धरून जिना उतरले.

तिसरी एक बाई. पन्नाशीची, करड्या स्वेटरमधली. येऊन सरळ सोफ्यावर बसली.

आणि फौजदार... भुंकला नाही.

कान टवकारले नाहीत. शेपटी हलवली नाही. बाईच्या पावलांवरून चालत गेला आणि आपल्या सतरंजीवर जाऊन पडला.

ताई खूश. "बघा, घरच्याच वाटताय तुम्ही त्याला!"

बाई हसली. वरचा एक पटाशीचा दात नव्हता. दातवालीच ती, तिची नजर आधी तिथेच जाणार.

बाईने एकच गोष्ट विचारली. "चावतो का?"

"घरच्यांना नाही."

"मग ठीक आहे."

शुक्रवारी सकाळी ताईने किल्ली दिली आणि ती गेली.

शनिवारी बाईने फोटो पाठवला. खाण्याचं भांडं काठोकाठ भरलेलं. फौजदार कुठेच नाही. ताईने फोन लावला.

"पलंगाखाली आहे," बाई म्हणाली.

"जरा आवाज ऐकवा ना त्याचा."

पलीकडे साखळी खळखळली. मग... धप्प. ओलं कापड दगडावर आपटावं तसा आवाज. पुन्हा धप्प. आणि मग फौजदारचं केकाटणं.

"खेळतोय," बाई म्हणाली. तिला धापसुद्धा लागलेली नव्हती.

फोन कटला, तो परत लागलाच नाही. मावशीची पट्टी अजून सुटायची होती, पण मावशीच म्हणाली, "माझ्याजवळ माणसं आहेत. त्याच्याजवळ कोण आहे? तू नीघ." रविवारी ताईने पहिली बस धरली.

जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या.

"बरं झालं आलीस गं! वर नुसती आदळआपट चाललीय. मी दोनदा दार वाजवलं. मुक्या जीवाला असं एकट्याला कोंडून जातं का कोणी?"

"एकट्याला कुठे काकू? बाई ठेवलीय ना. बुधवारी तुम्ही इस्त्री परत द्यायला आलात, तेव्हा सोफ्यावर बसली होती, ती."

काकूंनी जिन्यातच तिचा हात धरला.

"सोफ्यावर... कोणी नव्हतं गं. तू एकटीच बोलत होतीस. मला वाटलं, कानात फोनचं काहीतरी घातलं असशील."

ताई दोन-दोन पायऱ्या टाकत वर धावली, आणि धावताना तिला कळलं. फौजदारने त्या बाईला पसंत केलंच नव्हतं. त्याच्या लेखी तिथे कोणी आलंच नव्हतं. तीन दिवस त्याला मार पडत होता आणि मारतंय कोण, ते त्याला दिसत नव्हतं.

तिने दार उघडलं.

सोफा फाटलेला. भिंतीवर रक्ताचे फटकारे. फौजदार मोरीच्या कोपऱ्यात पडला होता. अर्धा कान गायब. पाठीवर साखळीचे वळ, आणि मानेवर... चावे.

ताईने ते चावे बघितले. कुत्र्याचे नव्हते. रुंद, अर्धगोल. वर मधोमध एका दाताची जागा रिकामी.

माणसाचे दात होते ते.

तिने त्याला उचलायला हात घातला, आणि मागून कोणीतरी तिचे केस धरले.

डोकं फरशीवर आपटलं. एकदा, दोनदा. ताईने वळून बघितलं. तोच करडा स्वेटर. तेच हसू. बाईने तिचा डावा हात धरला, तोंडाशी नेला, आणि दात रुतवले. मांस फाटल्याचा आवाज ताईला आला. ती म्हणते, दुखलं नंतर, आवाज आधी आला.

काकू दारात उभ्या राहून किंचाळत होत्या. त्यांना ताईचा हात हवेत ताणलेला दिसत होता आणि त्यातून रक्त गळताना दिसत होतं. बाकी काही नाही.

पण फौजदारने नाक वर केलं.

त्या बाईला वास नव्हता. पण तिच्या तोंडाला आता ताईचं रक्त लागलं होतं, आणि तो वास त्याला पाठ होता.

मोडक्या पायांवर तो उठला. उडी मारली. थेट तिच्या जबड्यावर.

काकू शपथेवर सांगतात, कुत्रा जमिनीपासून चार फूट वर लटकत होता. हवेत. दात रोवून. त्याला कोणीतरी भिंतीवर आपटत होतं. प्लास्टरचे पोपडे पडत होते. तरी त्याने सोडलं नाही.

मग तो खाली पडला. साखळी फरशीवर खळकन वाजली. खोलीत कोणी नव्हतं.

फौजदार जगला. एक पाय कायमचा गेला. ताई त्याला रोज कामावर घेऊन जाते, आणि मालकाची नाही म्हणायची छाती नाही.

मी हे लिहायचं कारण वेगळंच आहे.

परवा दुपारी ताईला अनोळखी नंबरवरून फोन आला. एक सभ्य गृहस्थ.

"एका बाईंनी तुमचा नंबर दिलाय. तुमच्याकडे काम केलंय म्हणाल्या. कशा आहेत, जरा विचारायचं होतं."

"तिला घरात घेऊ नका!" ताई ओरडली. "कुत्र्याला घेऊन बाहेर पडा!"

"कुत्रा? नाही हो, आमच्याकडे कुठला कुत्रा? आईला सांभाळायला ठेवलंय त्यांना. आई अंथरुणावर असते, बोलता येत नाही तिला. आम्ही आत्ता विमानात बसलोय, म्हटलं चौकशी राहून गेली, तेवढी..."

फोन कटला.

तेव्हापासून तो नंबर बंद आहे. त्यांचं नाव माहीत नाही, पत्ता माहीत नाही. पोलिसांनी ऐकून घेतलं, चहा पाजला आणि घरी पाठवलं. ताई दर दहा मिनिटांनी नंबर फिरवते आणि रडते.

तुमच्या ओळखीचं कोणी या आठवड्यात म्हाताऱ्या आईला अशा बाईवर सोपवून गेलं असेल, तर हे वाचत बसू नका. त्यांच्या घरी जा. दार वाजवा. कोणी उघडलं नाही, तर तोडा.