रिमोर्सचं कलम

दापोलीच्या स्मृतिकलम प्रयोगशाळेत डॉ. रेवती खोतने यंत्राचा तारांनी जोडलेला शिरपेच डोक्यावरून उतरवला आणि खुशीत म्हणाली, "रिमोर्स! अर्थ, केलेल्या चुकीची टोचणी. मूळ लॅटिन, पुन्हा चावणं. बघ इरफान, जन्मात विसरायची नाही!"

तिचा सहकारी डॉ. इरफान मुकादम मात्र हसला नाही. "रेवती, तुझ्या वडिलांच्या, आप्पांच्या शेवटच्या आजारपणात तू हेमंतला फोनवर काय सांगितलंस?"

"कोणता फोन?"

 हीच आठवण कलमाचा खुंट म्हणून वापरायची, असं तिनेच रडत रडत इरफानला सांगितलं होतं. सगळ्यात खोल रुतलेल्या आठवणीवर शब्दाचं कलम चांगलं धरतं ना!

"आठवण वर काढली की मेंदू ती नव्याने लिहितो," तो म्हणाला. "आपण तिथेच शब्द लिहीत गेलो. तू जेवढा सराव केलास, तेवढी आठवण पुसली गेली."

"मग चाचण्यांत कसं कळलं नाही?"

कसं कळणार? घोकंपट्टीत वाढलेली माणसं ही! शब्द पाठ झाला का, एवढंच तपासलं. त्याखाली काय होतं, ते विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

"परत आणता येईल?"

"नाही."

आणि नेमका त्याच दुपारी तिचा धाकटा भाऊ हेमंत आला. किती वर्षं बोलणं बंद होतं! 'ताईने एकदा मनापासून माफी मागावी, मी सगळं विसरेन,' असा निरोप त्याने धाडला होता. ती त्याचीच वाट बघत होती, फक्त कशासाठी ते आता तिला ठाऊक नव्हतं. इरफानने तिला बाजूला घेऊन घाईघाईने सांगितलं. घरातल्या भांडणाच्या रागात तिने भावाला 'आप्पा बरे आहेत, येऊ नकोस' असं कळवलं होतं. आप्पा त्याचं नाव घेत घेतच वारले.

"हेमू, चुकलं रे माझं," रेवती पाठ केलेलं वाक्य म्हणावं तशी म्हणाली.

हेमंतने विचारलं, "ताई, तुला हे आठवतंय?"

तिला खोटं बोलवेना. "नाही रे. त्या आठवणीवर एक शब्द शिकले आणि तीच पुसली गेली. इरफानने आत्ता सांगितलं. मला वाईट वाटायला हवं, एवढं कळतंय. पण वाटतच नाहीये."

 हेमंत माफ करायचं ठरवून आला होता बिचारा.  त्याने इरफानकडे मान वळवली.

"डॉक्टर, मलाही एखादा शब्द शिकवा. कुठलाही चालेल."