न पेटलेली भट्टी

गुलछडीची फुलं पाट्यांत तशीच पडून होती. उन्हं चढली तरी त्यांना कुणी हात लावला नव्हता.

फौजदार ज्योती ढाकणे जीपमधून उतरल्या, तेव्हा अख्ख्या वस्तीवर तो गोड वास दाटून राहिला होता. लग्नघरी हवाहवासा वाटणारा वास. आज मात्र नाकावर रुमाल धरावा असं वाटत होतं.

भट्टीघरात, विझलेल्या शेगडीजवळ, गोरक्षनाथ काळे चटईवर पडले होते. चेहरा लालसर, जणू आत्ताच रानातून आलेत. अंगावर जखम नाही, साधा ओरखडा नाही.

"कोळशाचा विषारी धूर," डॉक्टर हळूच म्हणाले. "वास येत नाही, कळतही नाही. झोपेतच गेले."

कर्जत तालुक्यातल्या या वस्तीवर 'चांदणी' नावाचं गुलछडीचं अत्तर निघे. गोरक्षनाथांच्या आईनं, छबूबाईनं, एका फिरत्या अत्तरवाल्याकडून ही विद्या घेतली आणि इथं अर्क काढायची तांब्याची डेग मांडली. चंदनाच्या तेलात फुलांचा अर्क उतरवायचा, दुसरं काही घालायचं नाही. लांबलांबचे लोक ते अत्तर नाव घेऊन मागत.

हवालदारानं जीपकडे बोट केलं. मागच्या बाकावर भट्टीचा गडी सहादेव गुडघ्यांत डोकं घालून बसला होता.

"उघड आहे मॅडम. भट्टी पेटायच्या आदल्या संध्याकाळी चूल नव्यानं लिंपतात. ती सुकावी म्हणून आत शेगडी ठेवतात. ते काम याचं. मालक राखणीला आतच झोपतात. धूर जायला वर हा एकच झरोका. त्याची झडप बाहेरून लावतात. सकाळी ती लावलेली सापडली."

गर्दीतला एक जण ओरडला, "सहादेव, आता तुरुंगात शेगडी पेटव!"

दोघं-चौघं हसले. ज्योतीबाईंनी नजर टाकताच गप्प झाले.

"सहादेव, झडप उघडी होती?"

"उघडीच हुती मॅडम. लेकराची शपत."

"कुणी पाहिलं?"

"मालकांनी. आता त्यांस्नी कसं इचारू?"

त्यानं पुन्हा गुडघ्यांत डोकं घातलं. घरी तीन लेकरं, बायको अंथरुणाला खिळलेली. हा आत गेला तर त्या घराला दुसरा आधार नव्हता. आणि कागदावर तर सगळं त्याच्याच विरुद्ध होतं.

ज्योतीबाई घरात गेल्या. गोरक्षनाथांची बायको बायडाबाई चुलीपुढं बसली होती. डोळे कोरडे.

"मावशी, काल मालकांचं कुणाशी वाजलं होतं का?"

"त्या सेंटाच्या कंपनीच्या पोराशी वाजलं. पार्थ का काय नाव त्याचं. दुपारच्याला आल्ता. चांदणीचं नाव इकत द्या म्हनला. ह्यांनी हाकलला. जाताना बोलला, तुमी किती दिस पुरनार?"

"आणि सहादेवशी?"

"त्याला रोजच बोलायचे. बोलायचे आन् मग च्या पाजायचे."

"संध्याकाळी काय जेवलात?"

बायडाबाईला प्रश्नाचं नवल वाटलं. "मुगाची आमटी आन् भाकरी. भट्टी पेटायची आसली की आदल्या सांजेपास्नं घरात कांदा न्हाई, लसून न्हाई, तंबाखू न्हाई, वासाचा साबन न्हाई. आमच्या सासूबाईंचा दंडक. नाक बाटलं तर अत्तर बाटलं."

"सगळे एकत्र जेवलात?"

"ह्ये आन् मी. हर्षल न्हवता."

हर्षल म्हणजे गोरक्षनाथांचा पुतण्या. जोडप्याला मूलबाळ नव्हतं, लहानपणापासून त्यालाच वाढवलेलं. भट्टीचं नाक तोच. अर्क उतरला की पहिला वास त्यानं घ्यायचा, त्यानं मान डोलावली तरच बाटल्या भरायच्या.

तो ओसरीवर बसला होता. डोळे रडून सुजलेले.

"काल संध्याकाळी कुठं होतात?"

"कर्जतला, मित्रांबरोबर. ढाब्यावर जेवलो. परत आलो तेव्हा सगळीकडे सामसूम होती. सरळ झोपलो."

"भट्टीघराकडे गेला नाहीत?"

"नाही. गेलो असतो तर तात्या वाचले असते."

"आज सकाळी वास घ्यायला कोण बसणार होतं?"

"मीच. दुसरं कोण घेणार?"

"तब्येत? सर्दी, पडसं?"

"काही नाही. एकदम ठणठणीत. उलट या फुलाची मी वाट बघत होतो."

ज्योतीबाईंनी दोन फोन लावले. पार्थ संध्याकाळीच नगरला पोचला होता आणि रात्रभर लॉजमध्ये होता. लॉजच्या कॅमेऱ्यात तो दिसत होता. दुसरा फोन ढाब्यावर.

"व्हय, हर्षलभाऊ आल्ते की," ढाबेवाला म्हणाला. "शेवभाजी हाणली. बुक्कीनं कांदा फोडून खाल्ला, वर आनखी एक मागितला. लई खुशीत हुते."

फोन बंद करून त्या फुलांच्या पाट्यांपाशी गेल्या. पाकळ्यांच्या कडा तपकिरी पडू लागल्या होत्या.

मग त्यांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं.

"झडप सहादेवनं उघडीच ठेवली होती. गोरक्षनाथ झोपल्यावर कुणीतरी बाहेरून ती लावली. हे ज्यानं केलं, त्याला एक गोष्ट संध्याकाळीच ठाऊक होती. सकाळी भट्टी पेटणार नाही, ही."

त्या हर्षलकडे वळल्या.

"हर्षल, तुम्ही या भट्टीचं नाक. इतक्या वर्षांत आदल्या सांजेला कधी कांदा खाल्लात?"

हर्षलनं हाताच्या पाठीनं तोंड पुसलं.

"सकाळी वास घ्यायला तयार होतात म्हणालात. तब्येत ठणठणीत म्हणालात. मग काल दोन कांदे कसे खाल्लेत? या घराचं माणूस भुकेनं मरेल, पण त्या सांजेला कांद्याला शिवणार नाही. शिवलं, याचा अर्थ वास घ्यायची वेळच येणार नाही हे तुम्हाला माहीत होतं. शेगडी पेटली तेव्हा आपण लांब होतो हे दाखवायला ढाब्यावर गेलात. परत येऊन झडप लावलीत. झडपेच्या कडीवरचे ठसे आम्ही घेतलेत. शिवाय पार्थच्या मोबाईलवर तुमचे किती फोन आहेत, तेही कळेलच."

बायडाबाई उठून पुतण्यासमोर उभी राहिली.

"कांदा खाल्लास, हर्षल?"

तिनं खुनाचं विचारलं असतं तर त्यानं कदाचित नाकारलं असतं. हे मात्र त्याला नाकारता येईना.

"काकी, त्या कंपनीला माझं नाक पाहिजे होतं. पुण्यात मोठी नोकरी देत होते. पण चांदणीचं नाव आणलं तरच. तात्या ऐकेनात. म्हणाले, औषधं कालवून केलेल्या पाण्याला माझ्या आईचं नाव देऊ व्हय? मी जन्मभर या धुरातच..."

ज्योतीबाईंनी जीपचं दार उघडलं. "सहादेव, खाली उतरा. घरी जा."

सहादेव उतरला. मघाशी ओरडणारा माणूस त्याला वाट देत मागं सरला आणि दुसरीकडे बघू लागला. त्याच बाकावर हवालदारानं हर्षलला बसवलं.

जीप सुरू झाली. बायडाबाईनं पुढं होऊन दाराचा गज धरला. तिचा आवाज चढला नाही.

"सारं जग वासावरनं वळखनारं प्वॉर तू. आन् त्यांच्यासाठी हुडकून हुडकून आसा धूर काढलास, ज्याला वासच न्हाई."