पुढची सीट

पहिलं चॉकलेट थेट ओल्झासच्या कपाळावर बसलं.

"आणि आता, मंडळी, या वर्षीची सगळ्यात..." एवढंच तो माइकवर म्हणाला होता. मागे दोघांनी चंदेरी कापड ओढलं, फिरत्या चौथऱ्यावर पांढरीशुभ्र गाडी झळकली, आणि गर्दीतून खणखणीत आवाज आला, "लाभू दे रे देवा, लाभू दे!" पाठोपाठ मूठभर चॉकलेटं हवेत उडाली.

रौशानने डोळे गच्च मिटले. आवाज तिच्या आत्याचा होता. कुल्पाश आपाच्या पिशवीत शाशूचा खाऊ कायम भरलेला. नवी सून, नवं बाळ, नवं घर... नवं काही दिसलं की मूठ भरून उधळायचं, हे तिच्या अगदी अंगवळणी पडलेलं. पण अल्माटीच्या मोटार प्रदर्शनात? तेही माइकवाल्याच्या तोंडावर?

आणि शाशू पडला की वेचायला धावायचं, हे तर सगळ्यांच्याच रक्तात. ज्याच्या हाती शाशू, त्याच्या घरी पुढचं मंगलकार्य! बघता बघता दोरी ओलांडून आया, पोरं, टाय लावलेले साहेब, सगळे चौथऱ्यावर. पोट सुटलेले एक गृहस्थ तर सरळ गाडीखाली शिरले. चौथरा कर्रकर्र करत दोनदा हिसकला... आणि थांबला.

"कुणी केलं हे?" दालनाचा मॅनेजर ओरडतच आला.

"आमच्याकडून झालं," रौशान आपाला पाठीशी घालत म्हणाली. "दुरुस्तही मीच करते. वीज बंद करा."

"अहो बाई, दुरुस्तीवाला तीन वाजता येईल..."

"चारला माझी गाडी सुटते. मला तीनची वाट बघायला वेळ नाही. बंद करा म्हटलं ना!"

मॅनेजरने मुकाट्याने बटण दाबलं. सहा वर्षं केगेन ते अल्माटी घाटातून सोळा माणसांची गाडी हाकणाऱ्या बाईचा आवाज तो. त्या आवाजापुढे केगेनचे दारुडेसुद्धा गपगार बसायचे, हा तर शहरातला मॅनेजर. रौशान फरशीवर पालथी पडली, केसांतली पिन काढली आणि चौथऱ्याच्या फटीत हात घातला. तिच्या शेजारी आणखी कुणीतरी तसंच पालथं पडलं. निळा चकचकीत सूट, आणि कपाळावर लालबुंद टेंगूळ.

"उजेड धरू का?" ओल्झासने मोबाइल पुढे केला.

"धरा. आणि श्वास जरा तिकडे सोडा. मानेला गुदगुल्या होतायत."

"सोडतो. पण... तुमच्या केसांना पेट्रोलचा वास येतो हं."

"डिझेलचा," ती वळूनही न बघता म्हणाली. "एवढा फरक कळत नाही आणि गाड्या विकता?"

तो खळखळून हसला. कपाळाला टेंगूळ आलेला माणूस इतकं मोकळं हसू शकतो, याची तिला गंमत वाटली. ती वळली... आणि नेमका तोही तिच्याकडेच बघत होता. मोबाइलचा उजेड चौथऱ्यावर पडायच्या ऐवजी तिच्या गालावर पडला होता.

"फटीत धरा, फटीत," ती म्हणाली खरी, पण तिचे कान गरम झाले.

चपटं झालेलं चॉकलेट पिनेला चिकटून बाहेर आलं. चौथरा फिरायला लागला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजरने मात्र ओल्झासला बाजूला घेऊन बजावलं, "या दोघींना हवं ते दाखव, पण ती पिशवी उघडू देऊ नकोस. माझ्या बापाची शपथ घालतो!"

असा तो दिवसभर त्यांच्याबरोबर फिरायला मोकळा झाला. याहून गोड शिक्षा कुणाला मिळाली असेल?

रौशान आली होती गाडी निवडायला. तिची जुनी गाडी आता चढाला खोकायची, हिवाळ्याच्या आत दुसरी हवीच होती. पण इथल्या गाड्या म्हणजे... काय सांगावं! एकीच्या दारांना कड्याच नाहीत.

"हात जवळ नेला की कडी आपोआप बाहेर येते," ओल्झास ऐटीत म्हणाला.

"उणे तीसमध्ये बर्फ धरल्यावर?"

"...माहितीपत्रकात तसं काही लिहिलेलं नाही."

दुसरीत या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत, जेवणाचं दस्तरखान पसरावं तसा, टीव्हीसारखा पडदा. तिसरीची सीट पाठ दाबून द्यायची. कुल्पाश आपा त्यात जी बसली ती दहा मिनिटं उठेना. "हीच घे गं," डोळे मिटूनच म्हणाली, "घरी नाही नेलीस तरी चालेल, मी इथेच राहते."

"मागे मेंढी कशी बसते?" रौशानने विचारलं.

"मेंढी?" ओल्झास चक्रावला.

"जिवंत. पाय बांधलेली. शिवाय दोन पोती पीठ आणि कुणाच्या तरी बाळाची झोळी. माझ्या गाडीत रोज असतं."

"तुम्ही माझी परीक्षा घेताय."

"नापास होताय म्हणून सांगते."

चिडवत होती, पण नव्या गाड्यांचा तो कोरा वास तिच्याही डोक्यात चढला होता. गर्द हिरव्या रंगाची एक लांबलचक गाडी होती. तिच्या अंगावरून रौशानने हळूच बोट फिरवलं. असलं काही आपल्या रस्त्यावर दोन दिवस टिकणार नाही, हे ठाऊक असूनही जीव गुंतला. पाठ केलेलं एक वाक्यही ओल्झासने टाकलं नाही. ते तिला फार आवडलं.

इकडे आपाचं वेगळंच चाललं होतं. शाशूला बंदी, पण नवी वस्तू बघून रिकाम्या हाताने पुढे जायचं कसं? पिशवीच्या दुसऱ्या कप्प्यात कुर्त होतं, वाळवलेल्या दह्याचे खारट गोळे. प्रत्येक गाडीच्या टपावर ती एकेक ठेवत चालली होती.

"कोरिमदिक वाटतं, आपा?" ओल्झासने विचारलं.

आपा थबकली. "काय शिकवलं रे तुझ्या आईने? वस्तू बघून देतात ती बैगाझी! कोरिमदिक जिवाचं असतं. नव्या सुनेचं तोंड बघताना देतात ते. लोखंडाचं कसलं तोंड बघायचंय, शिंगरा?"

"चुकलं, आपा," तो कान पकडून म्हणाला. "आता जन्मात विसरणार नाही." म्हणताना त्याने रौशानकडे चोरून पाहिलं. आपाच्या नजरेतून असली चोरी कधी सुटलीय?

अगदी कोपऱ्यात, पाण्याच्या पिंपाजवळ, एक करड्या रंगाची उंच गाडी उभी होती. ना चौथरा, ना दिवे. अठरा सीट, जाड टायर.

"हिच्याबद्दल मला एक अक्षर पाठ नाही," ओल्झास ओशाळून म्हणाला. "कुणी विचारतच नाही."

"मग बसा शेजारी. मी सांगते."

रौशान स्टिअरिंगच्या चाकाशी बसली, तो बाजूच्या सीटवर. ती सांगत गेली... कोकपेकच्या दरीत उन्हाळ्यातही वारा गाडी कशी ढकलतो, चारिनच्या वळणावर गिअर कधी टाकायचा, घाटमाथ्यावर पोचलं की खाली हिरवं पठार कसं एकदम उघडतं आणि गाडीतली म्हातारी माणसंसुद्धा बोलायची थांबतात. बोलताना तिचे हात चाकावर वळत होते. ओल्झास रस्ता बघावा तसा त्या हातांकडे बघत होता.

"एक सांगू? हसणार नसाल तर..." तो म्हणाला.

"शब्द देत नाही."

"मला गाडी चालवता येत नाही. परीक्षेत तीनदा नापास झालोय."

रौशान इतकी हसली की कपाळ चाकावर आपटून हॉर्न वाजला.

"मी मुळात लग्नात माइक धरणारा," तोही हसत होता. "आवाज बरा आहे म्हणून इथे घेतलं. उद्या हे सगळं बिऱ्हाड अक्ताउला निघणार. मॅनेजर दोन वर्षांची नोकरी देतोय तिथे. तिकीट खिशात आहे."

रौशानचं हसू विरलं. अक्ताउ! देशाचं पार दुसरं टोक, समुद्राकाठचं. रेल्वेने गेलं तरी दोन दिवस. सकाळी ज्याला ओळखतही नव्हते, तो माणूस जाणार म्हणून छातीत एवढं तुटावं? पण तुटलं, हे खरं. आणि खरं असेल ते बोलून टाकायचं, ही तिची रीत.

"जायचंय तुला?" तिने विचारलं. कधी 'तू' झालं, दोघांनाही कळलं नाही.

"सकाळपर्यंत जायचं होतं..."

"मग ऐक. गावाकडच्या गाड्यांचा तळ, आठ नंबरचा थांबा, चार वाजता. माझ्या बाजूची पुढची सीट मी कुणाला देत नाही. आज रिकामी ठेवते. चार वाजून एक मिनिटाने तिथे बटाट्याचं पोतं बसेल. मी मागे वळून बघणार नाही, आधीच सांगते."

ती उतरली, करड्या गाडीसाठी मॅनेजरकडे नाव नोंदवलं आणि आपाचा हात धरून चालू लागली. मागे वळून खरंच पाहिलं नाही. त्यासाठी काय ताकद लागली, ते तिचं तिला ठाऊक!

चारला पाच कमी. पुढची सोडून सगळ्या सीट भरल्या होत्या. रौशानची नजर तळाच्या फाटकाकडे. निळा चकचकीत सूट... निळा सूट... शाळेच्या पोरी दिसल्या, कलिंगडवाला दिसला, निळं काही दिसेना.

"चार वाजले, पोरी," मागून एक आजोबा म्हणाले.

"वाजू देत."

"सहा वर्षांत कधी मिनिटभर थांबली नाहीस. मला टाकून गेली होतीस एकदा!"

सगळी गाडी हसली. रौशानने ओठ चावला. चार वाजून तीन मिनिटं. दिलेला शब्द तो शब्द. तिने स्वतःच्या हाताने बटाट्याचं पोतं उचलून पुढच्या सीटवर ठेवलं.

गाडी फाटकाशी आली तर रस्त्याच्या मधोमध कुणीतरी हात पसरून उभं. विटका स्वेटर, खांद्याला झोळी. रौशानने जोरात हॉर्न मारला. "बाजूला हो की रे! मरायचंय का?"

तो हलेना. तिने नीट पाहिलं... आणि कपाळावरचं लालबुंद टेंगूळ दिसलं.

"सूट कंपनीचा होता!" खिडकीशी येऊन ओल्झास धापा टाकत म्हणाला. "परत दिल्याशिवाय सोडेनात. आणि ट्राम चालवायला तुझ्यासारखं कुणी नव्हतं."

"अल्माटीत ट्राम कधीच्या बंद झाल्या."

"म्हणून तर धावत आलो!"

"सीट गेली," ती म्हणाली. आवाज कापला, तो लपवायची तिला आता गरज वाटली नाही. "पोतं मांडीवर घेशील तर बस."

तो बसला. बटाटे मांडीवर, हनुवटी पोत्यावर. मग खिशातून एक कागद काढून त्याने तिच्यापुढे धरला. अक्ताउचं तिकीट.

"हे काय, बैगाझी?" रौशान म्हणाली. "माझी गाडी वीस वर्षांची आहे."

"गाडीचं नाही ते. आपांनी शिकवलंय मला... जिवाचं वेगळं असतं."

सोळाच्या सोळा माणसं चिडीचूप. कुणाच्या तरी पायाशी बांधलेली मेंढी तेवढी बेंऽ करून ओरडली.

"कोरिमदिक तोंड बघताना द्यायचं असतं," रौशान हळूच म्हणाली. "तू सकाळपासून फुकट बघतोयस."

"म्हणून तर होतं तेवढं सगळं आणलं. लग्नं काय, केगेनलाही लागतातच. माइक मिळेल. पण तू अक्ताउला मिळणार नाहीस."

तिने तिकीट घेतलं आणि डोक्यावरच्या झडपेत, जिथे गाडीचे कागद असतात, तिथे जपून खोचलं. "मलाही तू आवडलास," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "शेजारी पालथा पडलास ना, तेव्हाच. आता पट्टा लाव. सोमवारपासून गाडी शिकवते तुला. चौथ्यांदा नापास झालास तर पोत्याबरोबर मागे बसायचं."

"लाभू दे रे देवा!" मागून कुल्पाश आपाचा आवाज फुटला आणि उरलीसुरली पिशवी हवेत रिकामी झाली. एक चॉकलेट नेमकं त्याच टेंगळावर बसलं. ओल्झास कळवळला, आजोबा सीटखाली शिरले, अख्खी गाडी वेचायला वाकली.

एरवी गाडीत कचरा झाला की रौशान आकाशपाताळ एक करायची. आज एक चॉकलेट तिच्याही मांडीवर पडलं होतं. तिने शांतपणे कागद सोडला, ते तोंडात टाकलं आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली.