खंडेनवमीचा हार

बंदराच्या तपासणीच्या खोलीत भिंतीभर हूक टांगलेले होते. साखळीची कडी पकडणारे, भाराबरोबर गरगर फिरणारे, दोन तोंडांचे जोडहूक. वासुदेव नाटेकरांची बत्तीस वर्षं त्यांच्यात गेली होती. पण आज टेबलावरच्या एका हुकाला हात लावायला ते धजत नव्हते.

हा नव्या जातीचा, स्मृतिधातूचा हूक. पडलेला प्रत्येक भार, झालेला प्रत्येक स्पर्श त्याच्या अंगात खूण ठेवून जाई, आणि वाचकयंत्र लावलं की तो तारीखवार सगळं सांगे. भट्टीत तापवला की मात्र सारं विसरून कोरा होई.

दीड महिन्यापूर्वी याच हुकातून पट्टा निसटला आणि चार टनांची पेटी त्यांच्या जावयावर, तन्मयवर कोसळली. पट्टा निसटू नये म्हणून हुकाच्या तोंडावर असलेला खटका तारेने उघडा बांधलेला सापडला. घाईच्या वेळी कामगार असं करतात, म्हणून हूक न वाचताच अहवालात तन्मयचाच निष्काळजीपणा लिहून साहेबलोक मोकळे झाले. मेलेला माणूस काय उलट बोलणार?

"बाबा, तो खटका बांधणाऱ्यातला नव्हता," समोर बसलेली त्यांची मुलगी मैथिली म्हणाली. "तुमच्याच हाताखाली शिकला. त्याच्या नावाला हा डाग नको. हुकालाच विचारा."

वासुदेवांनी यंत्र लावलं. तार बांधली गेली होती खंडेनवमीच्या सकाळी. त्या दिवशी बंदरात हूक धुऊन, तेल लावून पुजतात आणि दसरा होईपर्यंत कामाला लावत नाहीत. पडद्यावर हलक्या बोटांचा दाब उमटला, आणि तारेच्या प्रत्येक वेढ्याबरोबर धातूवर बारीक टकटक. बांगड्यांची.

बंदरात बांगड्या घालून हुकाला हात लावणारं दुसरं होतं कोण? "तन्मयच्या हुकाला हार माझ्याच हातचा," म्हणत मैथिली त्या सकाळी झेंडूची फुलं घेऊन निघाली होती. दसऱ्यानंतर फुलं निघाली, हाराची तार तेवढी खटक्याभोवती राहिली. त्यांनी मुलीच्या ओक्याबोक्या मनगटांकडे पाहिलं.

"तन्मयची चूक नव्हती," ते म्हणाले. "ही तार हाराची. मीच बांधला होता तो, पोरी."

मैथिलीला हुंदका फुटला. नवरा दोषातून सुटला याच्या आनंदाने ती क्षणभर रडली, आणि मग तिने डोळे पुसून वर पाहिलं.

"बाबा, तुम्हांला थोरल्या काकांचं सुतक होतं. तुम्ही दाराबाहेर उभे होतात. हुकाला शिवलासुद्धा नव्हतात."

तिने पडदा स्वतःकडे वळवला. ती टकटक ओळखायला तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

"कोपऱ्यातली भट्टी तापलेली आहे," ते म्हणाले. "अजून कुणी पाहिलेलं नाही."

"आणि त्याच्या नावाचं काय?"

मैथिलीने तो जड हूक ओढून मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"हूक विसरेल, बाबा," ती म्हणाली. "मला कुठल्या भट्टीत घालणार?"