सूर्यभान मास्तरांच्या सत्तर ओळी

२१ जानेवारी २०२५, मंगळवार. अमरावतीत सकाळी दाट धुकं, दहानंतर फिकट ऊन, वारा नाही.

देवमन अकोल्याहून पहिल्या गाडीने आला होता. जुने घरगुती कॉम्प्युटर पुन्हा चालते करायचे, हा त्याचा वीस वर्षांचा नाद. वच्छलाबाईंकडचा कॉम्प्युटर त्यांच्या नवऱ्याचा, सूर्यभान मास्तरांचा. टीव्हीला जोडायचा, नुसत्या फ्लॉपीवर चालणारा. मास्तर रोज त्यात एक ओळ लिहीत: तारीख, हवा, जेवण. शेवटच्या फ्लॉपीला बुरशी लागली होती. ती वाचून सगळं हार्ड डिस्कच्या जागी बसवायच्या कार्डावर उतरवायचं होतं.

"बाकी काई नको, भाऊ," वच्छलाबाई म्हणाल्या. "अकरा मार्चले मी भांडून माहेरी गेली, चांदूर बाजारले. झुणका-भाकर झाकून ठेवली होती. त्याच राती ते गेले. मी येईपर्यंत शेजारणीनं भांडे घासून टाकले. जेवले का उपाशीच गेले, तेवढं पाहा. सोळा वर्स होत आले."

देवमन घाई करणारा गडी नव्हे. फ्लॉपी स्पिरिटने पुसली, नऊ वेळा फिरवली, तेव्हा कुठे शेवटचा तुकडा वाचला गेला. मग लॅपटॉपवरच्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे त्या कॉम्प्युटरच्या हुबेहूब नकलेत, कोरी डिस्क तयार केली, फाइल तिच्यावर उतरवली आणि ओळी मोजल्या. एक जानेवारी ते अकरा मार्च २००९. सत्तर. बरोबर.

"तुमी मशीन दुरुस्त करून राहिले का तिची पूजा?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"पूजा लवकर होते, वहिनी."

डिस्क कार्डावर घेऊन त्याने ते कॉम्प्युटरला जोडलं. या कॉम्प्युटरला घड्याळ नाही. चालू होताना तो तारीख विचारतो. हा नाद असलेले बाकीचे लोक नुसतं बटण दाबून पुढे जातात. देवमन खरी तारीख लिहितो. आजही लिहिली.

"अकरा मार्च," त्याने वाचलं. "ऊन. झुणका, दोन भाकरी."

वच्छलाबाई हात पुसत दारात थांबल्या, मग हळूच खुर्चीवर टेकल्या.

"दोन खाल्ल्या. म्हंजे राग नव्हता," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा निवळला.

देवमनची नजर मात्र पडद्यावरून हटली नव्हती. ओळी थांबत नव्हत्या. बारा मार्च. तेरा मार्च. पानामागून पान वर सरकत होतं, जुन्या टीव्हीची बारीक शीळ खोलीभर भरली होती. सरकणं थांबलं तेव्हा ५८६५ ओळी झाल्या होत्या. शेवटची आजची. धुकं. आंबाडीची भाजी.

"वहिनी... आज भाजी कोणती?"

"आंबाडीची. अजून गॅसवरच आहे. कावून?"

आतून आंबट वास येत होता. देवमनने बोट दाखवलं. त्यांनी एकेक अक्षर लावत ओळ वाचली, दोनदा.

"राहू द्या, भाऊ," त्या शांतपणे म्हणाल्या. "मशीन बंद नका करू. अन् जेवूनच जा."

तो जेवला. संध्याकाळी घरी पोचल्यावर लॅपटॉपवरची आपली प्रत त्याने पुन्हा मोजली: सत्तर. तिच्यात कुणाला काही लिहिता येणार नाही, अशी सोय करून लॅपटॉप बंद केला.

२२ जानेवारी, सकाळी आठ. शिळी पोळी चहात बुडवत त्याने फाइल उघडली. ओळी एकाहत्तर. शेवटची: अकोला. स्वच्छ ऊन. शिळी पोळी, चहा.